आधी ओल शोधा, मग छटा निवडा

दसरा जवळ आला की महाराष्ट्रात रंगाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. दिवाळीच्या आत घर रंगवून झालंच पाहिजे, हा आपला हट्ट असतो आणि हातात उरलेले असतात जेमतेम दोन-तीन आठवडे. रंगकामाला याहून वाईट मुहूर्त नाही. चार महिने पाऊस प्यायलेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हात वरून खडखडीत वाटते, पण गिलाव्याच्या आत, विटेत पाणी मुरलेलंच असतं. त्यावर घाईघाईनं पुट्टी आणि रंग चढवला की ते पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, येताना क्षार घेऊन येतं आणि होळीपर्यंत भिंतीला पोपडे सुटतात. मग आपण रंगाच्या कंपनीला नावं ठेवतो, नाहीतर रंगाऱ्याला. बहुतेक वेळा दोष खालच्या ओलीचा असतो आणि ती ओल रंगाच्या आधीपासून तिथे असते.

म्हणून पहिला सल्ला वेळेचा. दिवाळीआधी काम करायचंच असेल तर आतल्या, बाहेरच्या पावसाशी संबंध नसलेल्या खोल्या घ्या. बाहेरच्या भिंती दिवाळीनंतर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी उत्तम काळ: हवा कोरडी, ऊन सौम्य, रंगारीही जरा निवांत. मार्च ते मेमध्येही बाहेरचं काम होतं, पण उन्हाची वेळ सांभाळून, त्याबद्दल पुढे. मेच्या अखेरीला बाहेरचं काम काढू नका. वळवाची एक सर ओल्या रंगावर आली तर सगळी भिंत पुन्हा घासावी लागते.

ओलीचा माग

आपल्याकडे पावसाचे वारे नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती सगळ्यांत जास्त भिजतात. तपासणी तिथूनच सुरू करा. संशय आलेल्या जागी फूटभर रुंद आणि फूटभर उंच जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दिवसभर तसाच राहू द्या. २४ तासांनी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, की भिंत अजून ओली आहे. नव्या घराच्या गिलाव्यालाही हीच कसोटी लावा. सिमेंटचा गिलावा किमान २८ दिवस पक्का होऊ द्यावा लागतो आणि शक्य असेल तर त्याच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. तोपर्यंत प्रायमरचा एक हात पुरतो.

ओल कळली तरी ती कुठून येते हे कळणं महत्त्वाचं. डाग फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर पाणी बाहेरून येतंय. ऐन मे महिन्यातही भिंत ओलसर असेल तर घरातलंच पाणी झिरपतंय: बाथरूमची नहाणी ट्रॅप, बेसिनमागचा सांधा, नाहीतर भिंतीत गाडलेला नळ. छताच्या मध्यावर डाग असेल तर वरच्या मजल्याचं बाथरूम किंवा गच्ची. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल चढली असेल आणि तिथे पांढरा खार फुटत असेल, तर पाणी जोत्यातून वर चढतंय.

गच्चीवर गेलात तर तीन जागा बघा. कोब्याला भेगा पडल्यात का, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला वाटा सुटलाय का आणि पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी सांधा उघडा पडलाय का. कठड्याची वरची बाजू कुणी पाहत नाही. तिथल्या केसासारख्या भेगांतून पाणी उतरतं आणि खालच्या मजल्याच्या भिंतीवर डाग दाखवतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल किंवा ती मागच्या रंगकामात पुट्टीनं बुजवली असेल, तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरपटत भिंतीपर्यंत येतं. ही खाच मोकळी करायला गवंड्याला अर्धा दिवस पुरतो.

आतून 'वॉटरप्रूफ' रंग किंवा पुट्टी लावून ओल थांबते, ही समजूत सोडा. बाहेरून पाणी येत असताना आतलं तोंड बंद केलं तर पाणी बाजूला सरकतं किंवा वर चढतं. जोत्यातून चढणाऱ्या ओलीच्या बाबतीत हे हमखास घडतं: आधी दोन फुटांवर असलेला पट्टा चार फुटांवर जातो. गळतीचं काम आधी आणि रंग नंतर, मग त्यासाठी रंगाचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलावा लागला तरी चालेल.

जुन्या रंगाची परीक्षा

भिंत कोरडी आहे हे ठरलं की तिच्यावर आधी काय लावलंय ते बघा. ओल्या फडक्यानं जोरात घासा. रंग फडक्याला लागला तर तो डिस्टेंपर किंवा चुना आहे. तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय वर प्लॅस्टिक इमल्शन लावू नका. इमल्शन वाळताना ताणलं जातं आणि खालच्या भुसभुशीत थराला सोबत घेऊन कागदासारखं सुटतं. रंग फडक्याला लागला नाही, तर ब्लेडनं बारीक फुली मारा, त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटकन ओढा. पट्टीबरोबर रंग आला की खरवडणं आलं. नाही आला तर हलकं घासून पुढे जाता येतं.

हातोडीच्या दांड्यानं किंवा नाण्यानं भिंत ठोकत जा. जिथे बद्द आवाज येईल तिथला गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तो भाग तोडून नवा गिलावा करायचा, त्याला पाणी मारायचं, वाळू द्यायचं. हे काम रंगारी आपणहून सांगत नाही, कारण त्यात गवंडी येतो आणि त्याचे दिवस वाढतात. तुम्हीच ठोकून बघा.

भेगांचे प्रकार वेगळे आणि त्यांचे उपायही. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगा प्रायमर आणि पुट्टीत बुजतात. सिमेंटचा खांब आणि विटांची भिंत मिळते तिथली सरळ उभी किंवा आडवी भेग मात्र पुट्टीनं भरली तर वर्षभरात तिथेच परत उघडते, कारण दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात. ती पत्रीनं 'व्ही' आकारात उघडायची, धूळ काढायची, लवचीक ऍक्रिलिक भरणीनं भरायची आणि वर फायबरच्या जाळीची पट्टी बसवायची. विदर्भ-मराठवाड्यात आणि जिथे जिथे घराखाली काळी माती आहे तिथे आणखी एक घोळ असतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगाही तिच्याबरोबर मोठ्या-छोट्या होतात. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा आणि सहा महिने बघा. ती वाढत असेल, किंवा खांबाच्या बाजूनं गंजाच्या डागासह पडलेली असेल, काँक्रीट फुगून लोखंड दिसत असेल, तर रंगाऱ्याच्या आधी इंजिनिअरला बोलवा.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करायची असते. बाहेरून रंग द्यायचा ठराव होतो तेव्हा हा अहवाल आधी हातात घ्या. नाहीतर नवा रंग लागल्यावर वर्षभरात दुरुस्तीसाठी पुन्हा परांची बांधावी लागते आणि परांचीचा खर्च दोनदा पडतो.

पुट्टी, प्रायमर आणि घासकागद

आपल्याकडे पुट्टीचं फार कौतुक आहे. भिंत आरशासारखी हवी म्हणून थरावर थर चढवले जातात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हातांत मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जाड नसावी. त्याहून मोठे खड्डे गिलाव्यानंच भरायचे. ही पुट्टी लावण्याआधी भिंत पाण्यानं शिंपडून ओलसर करावी लागते, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषते आणि ती हाताला पावडरसारखी निघते. एका वेळी दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती वापरायची सवय सर्रास दिसते. तसं होत असेल तर स्पष्ट सांगून थांबवा.

डब्यात तयार मिळणारी ऍक्रिलिक पुट्टी आतल्या भिंतींसाठीच, तीही कोरड्या. बाहेर ती पाण्यात मऊ पडते. नव्या फ्लॅटमध्ये आतून जिप्समचा गिलावा असतो. तिथे थेट प्रायमर लावा, लागेल तेवढीच ऍक्रिलिक पुट्टी घ्या. आणि जिप्समवर ओल आली तर तो भाग काढूनच टाकावा लागतो, तो वाळून पूर्वीसारखा होत नाही.

पुट्टी वाळली की १८० नंबरचा कागद, मग २२० किंवा ३२०. घासताना नाकावर मास्क, आणि दाराच्या फटीत ओलं कापड. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. दिवसा न दिसणाऱ्या लाटा, पत्रीचे ओरखडे, राहिलेले खड्डे सगळे उठून दिसतात. ही तपासणी रंगाऱ्याबरोबर करा आणि पेन्सिलीनं गोल काढून ठेवा. हल्ली छताच्या कडेनं एलईडी पट्ट्या लावतात. त्यांचा प्रकाश असाच भिंतीवरून घासत येतो, म्हणून तिथली पुट्टी अधिक नीट लागते.

घासून झाल्यावर धूळ फडक्यानं पुसायची आणि मग प्रायमर. पुट्टीवर प्रायमरची गरज नाही असं सांगणारे भेटतात. एक हात द्याच. त्यामुळे भिंत सगळीकडे सारखी शोषते, रंगाचे ठिपके-पट्टे उठत नाहीत आणि महागडा रंग कमी लागतो.

किती रंग लागेल

हिशेब सोपा आहे आणि तो तुम्हीच करावा. १० बाय १२ची खोली, उंची १० फूट. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून ७ बाय ३चं दार आणि ४ बाय ४ची खिडकी वजा केली तर ४०३ उरतात. चांगल्या इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत भिंतीवर दोन हातांत साधारण १२० ते १५० चौरस फूट जातो, म्हणजे भिंतींना तीन-सव्वातीन लिटर. छत १२० चौरस फूट, त्याला एक लिटर. बाहेरच्या खरबरीत भिंतीवर मात्र बाहेरचं इमल्शन लिटरला ५० ते ६० चौरस फूटच जातं. रंगारी याच्या दुप्पट डबे सांगत असेल तर कारण विचारा. निम्मे सांगत असेल तर आणखी जास्त विचारा, कारण मग तो रंगात पाणी ओतणार आहे.

पाणी किती घालायचं ते प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं. मापाचा मग आणून ठेवा आणि त्यातूनच घालायला सांगा. जास्त पाण्याचा रंग लावायला हलका जातो, पसरतो खूप, वाळल्यावर खालची भिंत दिसते आणि लवकर विटतो. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेल्या गट्टू या पोराच्या डब्यातून रंग ओघळत असे. जाहिरातीत ते शोभून दिसलं. तुमच्या भिंतीवर असे ओघळ दिसले तर समजा की पाणी जास्त झालं.

छटा निवडताना छापील कार्डावर विसंबू नका. कार्डावरचा दोन इंचांचा चौकोन आणि चार भिंती यांत छटा निदान एका पायरीनं गडद भासते. दुकानातून छोटा नमुन्याचा डबा आणा, समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फूट लावा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली बघा. पिवळट एलईडीखाली राखाडी रंग हिरवट दिसू शकतो. चकाकी जितकी जास्त तितके भिंतीचे दोष जास्त दिसतात, हेही ध्यानात ठेवा. जुनी, उंचसखल भिंत असेल तर मॅट फिनिश घ्या. लहान मुलांच्या खोलीत आणि जिन्यात पुसता येणारा थोडा चकाकीचा. भाड्यानं द्यायच्या घराला डिस्टेंपर पुरतो, दोन वर्षांनी परत लावायचाच आहे.

यंत्रावर मिसळून घेतलेल्या छटेचा क्रमांक लिहून ठेवा. एका भिंतीचा सगळा रंग एकदम घ्या आणि दोन-तीन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करा. वेगवेगळ्या दिवशी मिसळलेल्या डब्यांत किंचित फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

आतलं काम

खोली रिकामी करणं जमत नसेल तर सामान मधोमध ओढा आणि प्लॅस्टिकनं झाका. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डच्या पट्ट्या उघडा. त्यांच्या कडेनं रंगवत बसण्यापेक्षा हे जलद होतं. पंख्याला पिशवी बांधा. क्रम वरून खाली: आधी छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या, शेवटी खालची पट्टी.

कोपरे आणि कडा आधी कुंच्यानं कापून घ्यायच्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवायचा. कडा सकाळी आणि भिंत दुपारी असं केलं तर चौकटीसारखा पट्टा उठतो. एक भिंत सुरू केली की जेवणासाठीही मध्ये सोडायची नाही. वाळलेल्या कडेवर ओला रंग चढला की जोड दिसतो. रोलरचा शेवटचा फिरवा सगळीकडे एकाच दिशेनं, वरून खाली. दोन हातांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवा, पावसाळी हवेत त्याहून जास्त. चिकटपट्टी रंग थोडा ओला असतानाच तिरकी ओढून काढायची. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचा रंग सोबत येतो.

लाकडी दारांना जुना ऑइल पेंट घासून, लाकडाचा प्रायमर, मग भेगांत लांबी भरून, पुन्हा घासून दोन हात. पावसात फुगलेलं दार तेव्हाच तासू नका; हिवाळ्यात ते आकसतं आणि फट पडते.

जुना ऑइल पेंट घासताना एक काळजी घ्या. केंद्र सरकारच्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवावं लागतं. त्याआधीच्या दारांवर, ग्रीलवर, पाळण्यावर लावलेल्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरडा घासू नका, जाळून काढू नका. ओल्या कागदानं घासा, चिखल पुसून पिशवीत भरा आणि काम संपेपर्यंत मुलं व गरोदर बाई दुसरीकडे राहतील असं बघा. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दलचा उल्लेख वाचा.

बाहेरच्या भिंती

बाहेर सगळ्यात आधी धुणं. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात भिंतीवर काळं-हिरवं शेवाळ आणि बुरशी चढते. ते नुसतं घासून वर रंग लावला तर पहिल्या पावसात पुन्हा वर येतं. बुरशीनाशकाचं किंवा ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून काही वेळ राहू द्या, तारेच्या ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि भिंत दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या. ब्लीचिंग पावडरमध्ये ऍसिड किंवा संडास धुण्याचं द्रव कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. हातमोजे हवेत.

मग बाहेरचा प्रायमर आणि बाहेरच्याच इमल्शनचे दोन हात. उरलेला आतला रंग मागच्या भिंतीला खपवायचा मोह होतो. तो एका पावसाळ्याचा सोबती. मार्च ते मेमध्ये काम असेल तर सावलीच्या मागे चला: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. तापलेल्या भिंतीवर रंग कुंच्याखालीच वाळतो, नीट धरत नाही आणि पट्टे पडतात.

बाहेरच्या छटेत फिकटपणा आणि मातीचे रंग दोन्ही उपयोगी. फिकट भिंत ऊन परतवते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग देणं म्हणजे संध्याकाळी खोली तापवून घेणं. गडद हवाच असेल तर गेरू, पिवळी माती, विटकरी या लोह-ऑक्साइडच्या छटा घ्या, त्या उन्हात टिकतात. भडक गुलाबी, जांभळा, पोपटी लवकर विटतात.

समुद्राकाठच्या घरात, मग ते अलिबाग असो की वेंगुर्ले, खरी परीक्षा लोखंडाची असते. ग्रील आधी गोड्या पाण्यानं धुऊन मिठाचा थर काढा, वाळू द्या, तारेच्या ब्रशनं गंज चमक येईपर्यंत घासा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडं लोखंड खाऱ्या हवेत एका रात्रीत पुन्हा गंजतं. नुसत्या रेड ऑक्साइडपेक्षा तिथे जस्ताचा प्रायमर बरा. आणि ग्रील भिंतीत शिरते ती जागा विसरू नका, गंज तिथूनच सुरू होतो आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात.

जांभ्याच्या उघड्या भिंतींना किंवा माती-चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांना प्लॅस्टिकचा रंग देऊ नका. अशी भिंत पाणी घेते आणि सोडते. वर रबरासारखा पापुद्रा चढला की पाणी आत अडकतं आणि दगड-विटा भुसभुशीत होतात. तिथे चुनाच. कळीचा चुना पाण्यात विरवताना उकळतो आणि उडतो, म्हणून पाण्यात चुना घाला, चुन्यावर पाणी नाही, आणि डोळ्यांना चष्मा लावा. रात्रभर, जमलं तर काही दिवस मुरू द्या, कापडातून गाळा, चिमूटभर नीळ आणि थोडा सरस घाला. ओलसर केलेल्या भिंतीवर दुधासारखे पातळ तीन हात द्या. पहिल्या दिवशी काहीच लागलं नाही असं वाटेल, वाळल्यावर शुभ्र दिसतो. जुन्या ऑइल पेंटवर किंवा इमल्शनवर मात्र चुना धरत नाही. जांभा उघडाच ठेवायचा असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं रंगहीन द्रव मिळतं.

उंचावरचं काम घरच्या घरी करू नका. परांची असो की झुला, पट्टा बांधल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका, तो रोजचा माणूस असला तरी.

रंगाऱ्याशी बोलणी

दर ठरतो चौरस फुटावर, आणि भांडण होतं मापावर. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही, छज्जे आणि ग्रील कसे मोजायचे, हे आधी ठरवा. कागदावर लिहा: कंपनीचं नाव पुरेसं नाही, रंगाचं नेमकं नाव हवं, कारण एकाच कंपनीचा स्वस्त आणि महाग रंग एकाच तोंडानं सांगितला जातो. पुट्टीचे हात किती, प्रायमर कोणता, रंगाचे हात दोन की तीन, घासणं धरलं का, परांची कुणाची, कचरा कोण नेणार. आगाऊ रक्कम थोडी द्या आणि बाकीची टप्प्याटप्प्यानं. पुट्टी-प्रायमर तपासल्यावर एक हप्ता, शेवटचा हप्ता सगळं पाहून झाल्यावर.

शक्य असेल तर मजुरी वेगळी ठरवून माल स्वतः आणा. डबे सीलबंद घ्या, तुमच्यासमोर उघडू द्या, रिकामे डबे हिशेब होईपर्यंत ठेवा. पुष्कळ डब्यांत रंगाऱ्यासाठी टोकन किंवा क्यूआर कोड असतो, त्यावर त्याला कंपनीकडून पैसे मिळतात. त्यात गैर काही नाही, पण तो एकाच रंगाचा आग्रह का धरतोय हे कळायला ही माहिती उपयोगी पडते. वॉरंटीचं कार्ड मिळालं तर मागची बारीक अक्षरं वाचा. गळतीमुळे आणि ओल्या भिंतीमुळे झालेलं नुकसान त्यात बहुधा धरलेलं नसतं.

काम संपलं की प्रत्येक छटेचा अर्धा-एक लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर खोलीचं नाव, छटेचा क्रमांक व तारीख लिहा. सोफ्यामागचा ओरखडा बुजवायला तो लागतो. टर्पेंटाइन आणि ऑइल पेंट मोरीत ओतू नका. भिंती महिनाभर ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि पुढच्या जूनमध्ये दोन-चार मोठ्या सरी झाल्या की छत, खिडक्यांचे कोपरे आणि बाथरूमच्या मागची भिंत एकदा बघून घ्या. डाग दिसला तर फोटो काढा आणि गवंड्याला तेव्हाच बोलवा. पाणी नेमकं कुठून शिरतंय हे पाऊस चालू असतानाच नीट सापडतं.